महिन्याची सुई

डोळ्यात इंजेक्शन घेते म्हटल्यावर प्रत्येकजण पहिल्यांदा एकच विचारतो, दुखतं का? नाही दुखत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथूनच मागे फिरू शकतात. त्रास होतो तो पुन्हा पुन्हा जायचा, थेंब घालून तासन्‌तास बाकावर बसायचा, कुठलं औषध घ्यायचं यावरून घरात होणाऱ्या खलबतांचा. आणि "मग बरं कधी होणार?" याला कुणी सरळ उत्तर देत नाही, त्याचा. ते उत्तर मला शेवटी एका प्रथिनाची कुंडली वाचल्यावर मिळालं.

मी तासगावची. ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू. एका सकाळी पेपर वाचताना डावा डोळा चोळला आणि उजव्या डोळ्याने समोरची ओळ पाहिली तर शब्दांच्या शिरोरेषा मध्येच खाली लवलेल्या. डावा डोळा उघडला की रेघ सरळ, झाकला की पुन्हा वाकडी. मधलं अक्षर पुसट आणि खालच्या बाजूला एक धुरकट पट्टा. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही. दोन्ही डोळे उघडे असते तर आणखी पंधरा दिवस मला पत्ताच लागला नसता.

मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. भाच्याला घेऊन दुसऱ्याच दिवशी गेले. तक्त्यावर उजव्या डोळ्याने 6/36 च्या खाली सरकता येईना (निरोगी नजर 6/6). मग बाहुली मोठी करायचे थेंब. ते दर दहा मिनिटांनी घालतात, झोंबतात, आणि मग समोरच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा विरघळल्यागत दिसतं. डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा लावून "वर बघा, नाकाकडे बघा, खाली बघा" करत दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासले. पडदा म्हणजे रेटिना, आपलं दृष्टिपटल. मग म्हणाले, "मॅडम, उजव्या पडद्यातली वरची एक शीर बंद पडलीय. बीपी किती असतं?" मोजलं तर 170 च्या वर.

या आजाराला बीआरव्हीओ म्हणतात, म्हणजे पडद्यातल्या नीलेच्या एका फांदीत अडथळा. पडद्यावर रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं बाहेरचं वेष्टण एकच असतं. रक्तदाबाने रोहिणी टणक झाली की ती शेजारच्या पातळ नीलेला दाबते आणि रक्त तुंबतं. माझी वरची फांदी तुंबली होती. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून धुरकट पट्टा मला खाली दिसत होता. वर्गात उलट्या प्रतिमेची आकृती फळ्यावर काढून काढून हात दुखले होते. ती आता स्वतःच्या डोळ्यात वाचायला मिळाली.

त्याच दिवशी ओसीटी झाली, म्हणजे उजेडाच्या मदतीने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी. हनुवटी टेकवायची, आत दिसणाऱ्या रंगीत खुणेकडे बघायचं आणि पापणी हलवायची नाही, एवढंच काम. सुई नाही, स्पर्श नाही. संगणकाच्या पडद्यावर डोळ्यातल्या पडद्याचा उभा छेद उमटतो, थरांवर थर. मध्यभागी जिथे छानसा खळगा असायला हवा, तिथे माझा टेकाड झाला होता आणि त्यात काळ्या पोकळ्या. काळं म्हणजे पाणी. जाडी 548 मायक्रॉन. साधारण अडीचशेच्या आसपास असायला हवी होती.

"पाणी आलं कुठून?" मी विचारलं.

"व्हीईजीएफ," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली. बाहेर पन्नास माणसं बसलेली होती, डॉक्टरांचाही इलाज नव्हता. पुढचं मी घरी जाऊन वाचलं.

व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर हे त्याचं पूर्ण नाव. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. मला वाटलं होतं हे काहीतरी रोगट प्रकरण असणार. पण या प्रथिनावाचून आपण जन्मालाच येत नाही. 1996 साली उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. त्यात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत काढली, तरी पिल्लू गर्भातच मेलं, कारण रक्तवाहिन्यांचं जाळं नीट उभंच राहिलं नाही. सहसा एक प्रत गेली तर दुसरी भागवून नेते. इथे तेवढी घटही चालली नाही. जखम भरणं, गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला नव्याने तयार होणं, सगळीकडे हे लागतं.

ते तयार केव्हा होतं, हे त्याहून सुरेख आहे. पेशीत एचआयएफ नावाचं दुसरं प्रथिन सतत तयार होत असतं आणि पुरेसा ऑक्सिजन असला की लगेच मोडून टाकलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की ते मोडत नाही, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेसाठी 2019 चं वैद्यकाचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना मिळालं. म्हणजे माझ्या पडद्याचा जो तुकडा शीर तुंबल्यामुळे उपाशी पडला होता, तो "इकडे रक्त पाठवा" म्हणून ओरडत होता, आणि त्याचं ओरडणं म्हणजे व्हीईजीएफ. मागणी रास्त होती. अडचण अशी की या प्रथिनाचं पहिलं काम नव्या वाहिन्या फोडणं हे नसून जुन्यांच्या भिंती सैल करणं हे आहे. अस्तराच्या पेशींमधल्या फटी उघडतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. त्वचेत झिरपलं तर थोडी सूज येऊन जाते. मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या मधल्या, वाचायला लागणाऱ्या भागात झिरपलं की शिरोरेषा वाकते.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांच्या हाती हे प्रथिन आधी गळतीच्याच बाजूने लागलं. डोळ्याच्या बाबतीत 1948 सालीच आयझॅक मायकेलसन यांनी म्हणून ठेवलं होतं की उपाशी पडदा कुठलातरी पसरणारा पदार्थ सोडत असला पाहिजे. 1971 साली बोस्टनच्या जुडा फोकमन यांनी मांडलं की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या मागवून घेते, त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल. त्याच गावात 1983 साली सेंगर आणि ड्वोराक यांनी गिनीपिगच्या गाठींमधून वाहिन्या गळक्या करणारं एक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला गळतीवरूनच नाव दिलं. 1989 साली कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी गाईच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींमधून अस्तर वाढवणारं प्रथिन काढलं. दोन्हींची रचना कळली तेव्हा लक्षात आलं, एकच की! पुढे 1994 साली रुग्णांच्या डोळ्याच्या आतल्या द्रवात ते प्रत्यक्ष मोजून दाखवलं गेलं. मायकेलसन यांचा अंदाज खरा ठरायला एवढी वर्षं गेली.

हे वाचून मला बरं वाटलं. भाच्याला नाही वाटलं, कारण तो तोवर औषधांची यादी बघत बसला होता.

"मावशी, हे तर कॅन्सरचं औषध आहे!"

खरंच होतं. दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीने आम्हाला तीन पर्याय लिहून दिले होते. पहिला बेव्हासिझुमॅब. फेरारा यांच्याच कामातून निघालेलं हे प्रतिद्रव्य, म्हणजे अँटीबॉडी, व्हीईजीएफला धरून ठेवतं, ते पेशीवरच्या ग्राहकापर्यंत (रिसेप्टरपर्यंत) पोचूच देत नाही. 2004 साली अमेरिकेत ते आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झालं, शिरेतून द्यायचं. 2005 साली मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा थेंबभर भाग डोळ्यात देऊन पाहिला आणि जगभर डॉक्टरांनी तो कित्ता गिरवला. दुसरा रॅनिबिझुमॅब. हा प्रतिद्रव्याचा छोटा तुकडा, खास डोळ्यासाठीच घडवलेला, 2006 सालचा. 2015 पासून त्याची भारतीय आवृत्तीही मिळते, अहमदाबादच्या इन्टासने काढलेली पहिली. तिसरा अफ्लिबरसेप्ट, 2011 सालचा, सगळ्यात महाग.

किमतींतली दरी बघून मी चक्रावले. पहिलं काही हजारांत, भारतीय रॅनिबिझुमॅब त्याच्या दुप्पट-तिप्पट, तिसऱ्याचा आकडा आमच्या घरात मोठ्याने वाचलाच नाही. पहिलं स्वस्त का, तर त्याची कुपी कर्करोगाच्या मापाची असते. 4 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. डोळ्याला लागतं 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 मिलिलिटर. एका कुपीत अनेकांची सोय होते. पण धोकाही तिथेच. एकाच कुपीतून पुन्हा पुन्हा काढताना स्वच्छता पाळली नाही तर सगळ्यांच्या डोळ्यात जंतू. गुजरातेत या इंजेक्शननंतर काही जणांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर 2016 च्या जानेवारीत औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी ते वापरू नये असा इशारा काढला होता आणि दोनेक महिन्यांत मागेही घेतला. खोट बहुतेकदा औषधात नसते, भरण्याच्या पद्धतीत असते. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी चाचणीत म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारात पहिली दोन्ही औषधं सारखीच चालली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डोळ्यासाठी बेव्हासिझुमॅब आहे. महाग तेच चांगलं असं ज्यांना कुणी सांगेल त्यांनी एवढं तरी विचारून घ्यावं.

मी विचारलं, "तुम्ही कुपीतून सिरिंजा कुठे भरता?" मुलगी जरा बावरली. "काकू, मी सरांना विचारून सांगते." उत्तर काही आलं नाही. म्हणून आम्ही भारतीय रॅनिबिझुमॅबवर आलो, एका माणसाला एक कुपी. उत्तर आलं असतं तर पहिलंच घेतलं असतं.

इंजेक्शनच्या आधी फॉर्म भरताना आणखी एक प्रश्न होता. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका आला होता का? डोळ्यातलं औषध थोडंसं का होईना रक्तात उतरतं, आणि व्हीईजीएफ बाकी शरीराला हवंच असतं. दुखावलेल्या हृदयाला तर जास्तच. म्हणून विचारतात. शेजारच्या बाकावरचे आजोबा "डोळ्याला आणि काळजाला काय संबंध" म्हणत नाही-नाही वर खुणा करत सुटले होते. त्यांना मी थांबवलं आणि त्यांच्या सुनेला बोलावून घेतलं.

आता सुई. चपला बाहेर, हिरवा झगा, टोपी. उजव्या भुवईच्या वर पेनाने खूण, कारण एका रांगेत सगळे सारखेच दिसतात. बधिर करणारे थेंब तीन-चारदा. बीपी जास्त निघालं तर पुन्हा बाकावर. मला एकदा तसंच बसवून ठेवलं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये आडवं केल्यावर आयोडीनचं तपकिरी पाणी डोळ्यात सोडतात आणि काही वेळ तसंच ठेवतात. या सगळ्या प्रकारात झोंबतं म्हणायचं ते हेच, आणि जंतूंपासून खरं राखतंही हेच. मग चेहऱ्यावर चिकटणारं कापड, पापण्या ताणून धरणारी तारेची क्लिप. डोळा मिटावासा वाटतो आणि मिटत नाही, ते क्षणभर विचित्र वाटतं. डॉक्टर बुबुळाच्या कडेपासून कंपासने 4 मिलिमीटर मोजतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर साडेतीन. तिथून सुई गेली की ना भिंगाला लागते ना पडद्याला. "खाली डावीकडे बघा, हलू नका." एक दाब जाणवतो, कुणी बोट टेकवावं तसा. नजरेच्या कडेला काहीतरी धुरासारखं वळवळत पसरतं. ते औषध. "किती बोटं?" "दोन." "झालं. उठा."

उठल्यावर मला खाली एक काळा गोल ठिपका दिसायला लागला, कडा अगदी रेखीव. मान हलवली की डुलायचा. घाबरले असते, पण आधी वाचलेलं होतं. औषधाबरोबर हवेचा बारीक बुडबुडा आत जातो. बुडबुडा हलका, डोळ्यात वर तरंगतो, आणि चित्र उलटं असल्यामुळे दिसतो खाली. खात्री करायला घरी मान पूर्ण खाली घालून जमिनीकडे पाहिलं. आता वरची बाजू म्हणजे डोळ्याची मागची बाजू, बुडबुडा पडद्याकडे सरकला आणि ठिपका बरोबर नजरेच्या मधोमध आला. भाचा म्हणाला, "मावशी, डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय." म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बुडबुडा विरून गेला, मला थोडं वाईट वाटलं.

डोळ्याच्या पांढऱ्यावर मात्र लालभडक डाग पडला. दिसायला भयंकर, पण खरचटल्यासारखाच, आठ-दहा दिवसांत जातो. शेजारच्या काकूंनी तो पाहून "अगं बाई, डोळ्यात सुई? त्यापेक्षा मध घालायचा होतास" म्हणून घेतलं. मध घालू नका. काहीच घालू नका, दिलेल्या थेंबांशिवाय. काही दिवस डोक्यावरून पाणी नाही. लाली एकटी असेल तर चालतं. पण लालीबरोबर ठणका आणि नजर कमी होत जाणं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, परत जायचं. आत जंतू शिरण्याचा हा प्रकार दोन-तीन हजारांत एखाद्याला होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो.

पुढच्या महिन्यात ओसीटीवर 548 चे 290 झाले. टेकाड बसलं, खळगा दिसू लागला, तक्त्यावर 6/12 पर्यंत आले. मी पेढे न्यायचीच बाकी होते. ठरलेली सुरुवातीची इंजेक्शनं झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबून बघू. थांबलो. शिरोरेषा पुन्हा लवली. जाडी परत चारशेच्या वर.

तोवर पडद्यावरचं रक्त विरलं होतं, म्हणून आता रंग घालून फोटो काढायचे ठरले, ज्याला अँजिओग्राफी म्हणतात. दंडाच्या शिरेतून फ्लुओरेसिनचं पिवळं औषध देतात. दहा-पंधरा सेकंदांत ते डोळ्यात पोचतं आणि झगझगीत निळ्या उजेडात फोटोंची सरबत्ती सुरू होते. मधेच मळमळून आलं, लांब श्वास घेतले, गेलं. संध्याकाळपर्यंत कातडी पिवळसर आणि लघवी गडद पिवळी. हे आधी सांगतात, पण सांगूनही दचकायला होतं. या खेपेला डॉक्टरांनी गर्दी नसल्याने मला फोटो दाखवले. पडद्याच्या वरच्या भागात एक काळा प्रदेश, तिथे रक्तच पोचत नव्हतं. त्याच्या कडेच्या वाहिन्या आधी रेखीव पांढऱ्या, आणि पुढच्या पुढच्या फोटोंत त्यांच्याभोवती पांढरा धूर पसरत गेलेला. गळती. इतके दिवस जे वाचत होते ते समोर होतं.

आणि "बरं कधी होणार" याचं उत्तरही तिथेच होतं. औषध डोळ्यात दर आठवड्याला निम्मं निम्मं होत जातं, महिन्या-दीड महिन्यात संपल्यात जमा. ते तयार झालेलं व्हीईजीएफ पकडतं, तयार होणं थांबवत नाही. काळा प्रदेश उपाशी आहे तोवर त्याचं ओरडणं चालू. पुढे आजूबाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होऊन वाट काढतात, किंवा तो भाग हळूहळू मरतो आणि मागणीच कमी होते. दोन्हींना वेळ लागतो. लेझरने त्या उपाशी भागाला भाजून टाकायचं, ही जुनी पद्धत याच तर्कावर चालते. दुसरा मार्ग डोळ्यात स्टेरॉईडची कांडी सोडायची, पण तिने डोळ्यातला दाब आणि मोतीबिंदू वाढू शकतो. माझं मत असं, की हे दहा वाक्यांत पहिल्याच दिवशी सांगता येतं आणि सांगायला हवं. कितीतरी पेशंट पहिल्या सुधारणेनंतर "झालं" म्हणून यायचे बंद होतात. त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी काळा प्रदेश दाखवलेला नसतो.

आता माझं दोन-दोन आठवड्यांनी अंतर वाढवणं चालू आहे. पडदा कोरडा निघाला तर पुढचं इंजेक्शन आणखी दोन आठवड्यांनी लांब, पाणी दिसलं तर पुन्हा अलीकडे. फ्रिजवर ॲम्स्लरचा चौकड्यांचा कागद लावलाय. दूध तापेपर्यंत एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघते, रेघा सरळ आहेत ना ते. बीपीची दुसरी गोळी सुरू झाली, ती या सगळ्यात सगळ्यात स्वस्त.

विम्याचं तेवढं सांगते. पहिला दावा "रात्रभर भरती नाही" म्हणून परत आला. भाच्याने विमा नियामकाची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं शोधली. ज्या आधुनिक उपचारांना विमा कंपन्यांनी वगळू नये त्यांच्या यादीत डोळ्यातली इंजेक्शनं नावानिशी होती. ते पान जोडून पुन्हा पाठवलं. मग मंजूर झालं, पण पॉलिसीत या प्रकाराला वेगळी कमाल मर्यादा होती, तेवढंच. मर्यादा आधी विचारून घ्या, औषध त्यावर ठरवा.

पुढची तारीख नेमकी गौरी जेवतात त्या दिवशी आली. मी म्हटलं, आठवडाभर पुढे ढकला. डॉक्टरांनी गेल्या वेळची ओसीटी पुन्हा उघडली, कडेची एक बारीक काळी पोकळी पेन्सिलीच्या टोकाने दाखवली आणि तारीख आठवडाभर अलीकडे ओढली.